विलीसच्या बॉनेटसाठी पोमोनापर्यंत

जुन्या गाडीचा पत्रा विकत घ्यायचा तर तो कोरड्या मुलखातला घ्यावा. मिशिगन-ओहायोकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्यांना खालून खात जातं. कॅलिफोर्नियाचं आतलं वाळवंट, नेवाडा, अ‍ॅरिझोना या भागात वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेल्या बॉनेटचा रंग उडतो, पण पत्रा शाबूत राहतो. माझ्याकडे १९५४ सालची विलीस सीजे-३बी जीप आहे. ती ओहायोतून आलेली, त्यामुळे तिच्या बॉनेटच्या कडा पार सडलेल्या होत्या. नवीन बनवलेलं बॉनेट मिळतं, पण मला मूळचं हवं होतं, दोन्ही बाजूंना 'विलीस' ही अक्षरं पत्र्यातच उठवलेलं. ते शोधायला डेन्व्हरहून पश्चिमेला जायचं ठरलं, आणि सगळी सहल लॉस एंजेलिसजवळच्या पोमोनाच्या स्वॅप मीटभोवती, म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजाराभोवती, आखली.

सीजे-३बीची मराठी माणसाला ओळख करून द्यावी लागत नाही. उंच, चौकोनी नाकाची ही जीप १९५३ साली विलीस कंपनीने ओहायोतल्या टोलेडोच्या कारखान्यातून काढली. तिच्या 'हरिकेन' इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्यावर बसायला बॉनेटही उंच करावं लागलं. अमेरिकेत १९६८ साली तिचं उत्पादन थांबलं, पण महिंद्राने ती परवान्यावर भारतात बनवायला घेतली होती आणि आपल्याकडे ती त्यानंतरही कितीतरी वर्षं निघत राहिली. पोलीस, वनखातं, पाटबंधारे, साखर कारखाने, सगळीकडे तीच.

माझे वडील, आबा, कोयनानगरला पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते. तिथल्या पावसात गाडी बंद पडली की वर्कशॉपची वाट बघत बसायची सोय नसायची, त्यामुळे जो ड्रायव्हर तोच मिस्त्री. आबा त्या वर्षी काही महिने माझ्याकडे राहायला आले होते. सकाळी चहा झाला की ते गॅरेजमध्ये जायचे, जीपच्या चासीभोवती फिरायचे आणि मला कामं सांगायचे. पाटे काढ, पिना बघ, ब्रेकचे सिलिंडर उघड. पोमोनाला जायचं तर आबा इथे असतानाच जायचं, हे मी मनाशी पक्कं केलं. माझ्याकडे मापं होती, पुस्तकं होती. हाताला कळतं ते मात्र त्यांच्याकडे होतं.

पश्चिमेला मोठे स्वॅप मीट बरेच आहेत. ओरेगॉनमध्ये पोर्टलंडला एप्रिलमध्ये एक्स्पो सेंटर आणि शेजारचं रेसट्रॅक मिळून मोठा बाजार भरतो आणि तो काही दिवस चालतो. कॅलिफोर्नियात टर्लॉकला जानेवारीत भरतो. जानेवारीत रॉकी पर्वत ओलांडून वयस्कर माणसाला घेऊन जाणं मला नको होतं, आणि एप्रिलपर्यंत आबा थांबणार नव्हते. पोमोनाचा बाजार वर्षातून काही ठरावीक रविवारी, फेअरप्लेक्सच्या मैदानावर भरतो. लॉस एंजेलिस काउंटीची जत्रा १९२२पासून याच मैदानावर भरत आलेली आहे. पहाटे पाचला दारं उघडतात आणि दुपारी दोनपर्यंत सगळं आटोपतं. ऑगस्टच्या तारखेला मोहावीच्या वाळवंटातून जावं लागलं असतं, म्हणून ऑक्टोबरची तारीख धरली.

तारीख ठरली की अशा सहलीचं गणित उलटं मांडायचं असतं. रविवारी पहाटे पाचला दारात उभं राहायचं, हा एकच मुद्दा हलवायचा नाही. बाकी सगळं त्यामागे सरकवायचं. चांगला माल पहिल्या दोन-तीन तासांत जातो. विकणारे एकमेकांचा माल उघडतानाच बघत असतात आणि निम्मे सौदे तिथल्या तिथे, उजाडायच्या आत होतात. ऑक्टोबरच्या मध्यात पोमोनाला सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. म्हणजे जवळजवळ दोन तास अंधारात खरेदी करायची. डोक्याला बांधायचा दिवा ही त्यामुळे यादीतली पहिली वस्तू झाली.

मागे सरकत गेले तसा रस्ता आपोआप उलगडला. शनिवारी दुपारपर्यंत पोमोनात पोहोचून लवकर झोपायचं. त्यासाठी शुक्रवारचा मुक्काम युटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सेंट जॉर्जला, तिथून पोमोना साडेतीनशे मैलांच्या आसपास. आणि सेंट जॉर्जला आबांना फार न दमवता पोहोचायचं तर गुरुवारी कामावरून सुटून ग्रँड जंक्शन गाठायचं. लास व्हेगास आणि लॉस एंजेलिसमधल्या आय-१५ रस्त्यावर शुक्रवारी संध्याकाळी व्हेगासकडे आणि रविवारी दुपारी लॉस एंजेलिसकडे गाड्यांची रीघ लागते. आम्ही शनिवारी लॉस एंजेलिसकडे जाणार आणि रविवारी दुपारी उलट्या दिशेने निघणार, म्हणजे दोन्ही वेळा गर्दीच्या विरुद्ध. मला या योजनेतला हा भाग सगळ्यात आवडला होता.

ट्रेलर न्यायचा की नाही यावर बराच विचार केला. ट्रेलर असला की हाताला लागेल ते उचलता येतं. पण कॅलिफोर्नियात मागे काही ओढत असाल तर वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर येते, मोटेलच्या आवारात वळवायला जागा पुरत नाही, आणि रात्री त्यावरच्या मालाची काळजी वेगळी. आबा म्हणाले, "येकच बॉनेट आनायचंय न्हवं? मग हौद्यात बसतंय की." पिकअपचा हौदा आठ फुटांचा होता, त्यांचं बरोबर होतं. जागा मर्यादित असली की यादीही आवाक्यात राहते. बॉनेट, कार्टर कंपनीचा वायएफ कार्बोरेटर, रॉस स्टीअरिंग बॉक्स, आणि दिसलंच तर मागचं फळकं. यापलीकडे काही घ्यायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं.

सामानात टेप, व्हर्नियर कॅलिपर, लोहचुंबक, तारेचा ब्रश, घडी घालता येणारी चारचाकी ढकलगाडी, पट्टे, दोऱ्या आणि दोन गोधड्या घेतल्या. बॉनेटच्या बिजागऱ्यांची आणि रुंदीची मापं एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून घेतली, कारण अंधारात फोन उघडून फोटो शोधत बसलं की तोवर समोरचा माणूस दुसऱ्याशी बोलायला लागतो. पैसे रोख, वीस-वीसच्या नोटांत. खाण्यासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि चिवडा. आबांनी फ्रिजमधली लिंबं आणि कढीपत्त्याची पिशवी पण काढून ठेवली होती, ती मी परत आत ठेवली. कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर शेतीखात्याची चौकी असते आणि तिथे फळांची, रोपांची विचारणा होते. लिंबूवर्गीय झाडांवर रोग पसरवणारी एक बारीक कीड कढीपत्त्यावरही वाढते, त्यामुळे त्या पानांवर तिथे निर्बंध आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागांचं त्या किडीने मोठं नुकसान होऊ शकतं. हे सांगितल्यावर आबांनी लगेच मान डोलावली.

आय-७०वर सप्टेंबर ते मे या काळात कोलोरॅडोतल्या डोंगराळ टप्प्यात योग्य टायर किंवा साखळ्या जवळ असणं बंधनकारक आहे. ऑक्टोबरमध्ये रस्ता बहुधा कोरडा असतो, तरी साखळ्या हौद्यात टाकल्या. आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांहून उंच आहे. आबा डेन्व्हरच्या उंचीला सरावले होते, म्हणून मी तिकडून जायला कचरले नाही. बोगद्यातून जाताना ते खिडकीला डोकं लावून भिंतीवरचे दिवे मोजत होते.

ग्रीन रिव्हर सोडलं की युटातला सलायनापर्यंतचा सुमारे ११० मैलांचा पट्टा येतो. त्यात पेट्रोल नाही, हॉटेल नाही, काही नाही. टाकी आधीच भरून घ्यावी लागते. सॅन राफाएल स्वेल म्हणतात तो हा भाग. खडक तिरके उभे राहिलेले, आणि त्यांना चिरत गेलेला रस्ता, जो १९७० साली खुला झाला. एका थांब्यावर आम्ही उतरलो. दूरवर उतारावर पुसट चाकोऱ्या दिसत होत्या. १९५०च्या दशकात या सगळ्या मुलखात युरेनियम शोधणाऱ्यांची झुंबड उडाली होती. १९५२ साली चार्ली स्टीनला मोॲबजवळ मोठा साठा सापडला आणि मग जो तो जीप घेऊन निघाला. आज मोॲबला हौशी लोक जीप चालवतात त्यातल्या बऱ्याच वाटा त्या काळात खाणींसाठी पाडलेल्या आहेत. माझी जीप त्याच वर्षांतली. आबा बराच वेळ त्या चाकोऱ्या बघत उभे होते. मग म्हणाले, "फोर व्हील टाकल्याशिवाय चढायची न्हाई हितं. लो मधी पन घ्यावी लागंल." कोयना धरणाच्या शिवाजीसागराच्या कडेच्या कच्च्या रस्त्यांवर त्यांनी जे केलं होतं, तेच ते इथल्या लाल दगडांवर मनातल्या मनात करून बघत होते.

सेंट जॉर्जनंतर आय-१५ थोडा वेळ अ‍ॅरिझोनाच्या कोपऱ्यातून व्हर्जिन नदीच्या घळीत शिरतो. तिथेच घड्याळ एक तास मागे जातं. पश्चिमेला जाताना मिळणारा हा तास फार कामाचा. शरीर डेन्व्हरच्या वेळेवर असतं, त्यामुळे पोमोनातले पहाटेचे चार म्हणजे आपल्याला पाच. व्हेगासला न थांबता पुढे गेलो. बेकर गावात १३४ फूट उंचीचा थर्मामीटर उभा आहे, जवळच्या डेथ व्हॅलीत १९१३ साली नोंदल्या गेलेल्या १३४ अंश फॅरेनहाइटची आठवण म्हणून. हरिकेन इंजिनही १३४ घनइंचांचं. हे आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी त्या थर्मामीटरखाली फोटो काढून घेतला आणि कोयनानगरच्या जुन्या सहकाऱ्यांना पाठवला.

शनिवारी दुपारी पोमोनात एनएचआरएचं म्युझियम बघितलं. ड्रॅग रेसिंगची, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या वेगाच्या शर्यतींची, ही संस्था वॉली पार्क्स यांनी १९५१ साली काढली आणि म्युझियमला त्यांचंच नाव आहे. ते फेअरप्लेक्सच्या आवारातच आहे, त्यामुळे मैदानाची दारं कुठे, गाडी कुठे लावायची हे दिवसाउजेडी बघून झालं. तासाभराच्या अंतरावर आर्टेशियात पायोनियर बुलेव्हार्डवर भारतीय दुकानांची रांग आहे. तिथे जायचा मोह आवरला. शनिवारच्या संध्याकाळी लॉस एंजेलिसच्या रहदारीत शिरलं की झोपेचं खोबरं होतं. मोटेलच्या खोलीत दशम्या खाल्ल्या आणि आठ वाजता दिवे मालवले.

पहाटे दारापाशी हातगाड्या, जुन्या बाबागाड्या, मुलांच्या लाल ढकलगाड्या घेतलेली माणसं रांगेत उभी होती. आत गेल्यावर आधी काहीच कळत नाही. मैल-मैल लांब वाटणाऱ्या ओळी, अंधारात हलणारे शेकडो दिवे, ताडपत्र्यांवर पसरलेलं लोखंड, आणि सगळीकडे जुन्या ग्रीसचा वास. पुण्याचा जुना बाजार रात्रीच्या अंधारात आणि विमानतळाएवढ्या जागेत भरला तर जसा दिसेल, तसं. कॉर्व्हेट, पोर्शे, फोक्सवॅगन यांच्या वेगळ्या जागा असतात. आमच्या कामाच्या त्या नव्हत्या. विलीसचा माल एका ठिकाणी नसतो. फोर्डचे भाग विकणाऱ्याच्या ढिगातही तो असू शकतो, म्हणून ओळीने चालण्याला पर्याय नाही. आबांच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही ठरवलं होतं की मी पुढे जाऊन ओळ बघायची, जीपचं काही दिसलं तर फोन करायचा आणि त्यांनी तिथे यायचं. दर दोन ओळींनंतर ते घडीच्या खुर्चीवर बसायचे.

पहिला कार्बोरेटर मलाच दिसला. कार्टरचाच, वरच्या झाकणाच्या स्क्रूखाली पितळेची तिकोनी पट्टी अजून टिकलेली, तिच्यावर ९३८ने सुरू होणारा क्रमांक. कागदावर सगळं जुळत होतं. विकणाऱ्याने ८० डॉलर सांगितले. आबांनी तो हातात घेतला. दिव्याकडे बघितलंही नाही. अंगठा थ्रॉटलच्या शाफ्टवर ठेवून तो वर-खाली हलवला, मग डावी-उजवीकडे. "प्ले हाय," ते म्हणाले. "बघ, हितं बोट ठेव." मी ठेवलं. अगदी किंचित, नखाएवढा हलका ठोका लागत होता. शाफ्ट आणि त्याचं भोक, दोन्ही झिजलेले. तिथून बाहेरची हवा ओढली जाते आणि आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचं इंजिनाचं चालणं, कधीच स्थिर बसत नाही. मोठ्या रकमेची नवी बुशिंग बसवल्याशिवाय तो उपयोगाचा नव्हता. कितीही स्पष्ट फोटो असला तरी हे दिसलं नसतं. एवढ्या लांब यायचं ते याचसाठी. आम्ही तो परत ठेवला.

बॉनेट उजाडता उजाडता मिळालं. बार्स्टोकडच्या एका म्हाताऱ्या माणसाने आपल्या ट्रकच्या बाजूला ते उभं टेकवून ठेवलं होतं. हिरव्या रंगाखाली पिवळा, त्याखाली मूळचा प्रायमर. दोन्ही बाजूंची अक्षरं ठळक. मी पुठ्ठा काढून मापं घेतली. आबांनी खिशातलं लोहचुंबक पत्र्यावरून हळूहळू फिरवलं. जिथे पत्रा आहे तिथे ते चिकटतं, जिथे पुट्टी भरलेली आहे तिथे सुटतं. उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागी सुटलं. बाकी सगळीकडे घट्ट. मग त्यांनी बॉनेट उलटं करायला लावलं आणि आतल्या घडीत बोट घालून कडेकडेने फिरवलं, कारण पाणी साचतं ते तिथे. बोटाला वाळू लागली. गंज लागला नाही.

तो माणूस हे सगळं बघत होता. त्याने मला विचारलं की हे कोण. मी सांगितलं, माझे वडील, भारतात आयुष्यभर हीच गाडी चालवली. त्याला महिंद्रा माहीत होती. त्याने आबांना हाताने खूण करून विचारलं, उजव्या बाजूचं स्टीअरिंग? आबांनी हसून उजव्या हाताची मूठ हवेत फिरवली. मग दोघांनी भाषेशिवायच गिअरबॉक्सबद्दल बोलायला सुरुवात केली. टी-९०चा पहिला गिअर कसा धरतो, ट्रान्सफर केसची काठी कुठे अडकते, हे दोघेही हातानेच दाखवत होते. त्याने २२५ मागितले होते. मी १६० म्हटलं. आबांनी माझ्या कानात सांगितलं, "त्या कोपऱ्याचं दाखव." मी पुट्टीची जागा दाखवली, तो बघून हसला. १८०ला सौदा झाला, आणि त्याने स्वतःहून हेडलाइटच्या दोन मूळ रिंगा वर ठेवल्या. ट्रकच्या मागे त्याच्याकडे एक वायएफही होता, टेबलावर न मांडलेला. आबांनी तोच अंगठा फिरवला. यावेळी काही हललं नाही.

अकराच्या सुमारास सूर्य डोक्यावर चढायला लागला तसे विकणारे भाव उतरवायला लागले. जड वस्तू परत न्यायच्या नसतात, त्यामुळे ब्लॉक, हेड, अ‍ॅक्सल यांचे भाव त्या वेळी खूप पडतात. यादी पक्की नसती तर आम्ही एक अख्खा अ‍ॅक्सल नक्की उचलला असता. रॉस स्टीअरिंग बॉक्स मात्र शेवटच्या ओळीपर्यंत मिळाला नाही.

बॉनेट गोधड्यांमध्ये गुंडाळून हौद्यात आडवं बांधलं. काहोन खिंडीत ऑक्टोबरमध्ये जोराचे वारे सुटतात आणि उभा पत्रा शिडासारखा वारा धरतो, म्हणून आबांनी चारही बाजूंनी पट्टे ओढले आणि दर थांब्यावर ते पुन्हा तपासले. त्या रात्री बार्स्टो गाठलं.

परतीला आय-४० धरला, कारण आबांना ग्रँड कॅनियन दाखवायचा होता आणि मला किंगमन ते सेलिग्मन हा रूट ६६ या जुन्या महामार्गाचा तुकडा चालवायचा होता. त्याच जुन्या मार्गावरचा ओटमनचा रस्ता अवघड वळणांचा, हौदा भरलेला असताना तो सोडून दिला. सेलिग्मनला १९७८ साली नवा महामार्ग गावाला वळसा घालून गेला आणि धंदे बसले. तिथले न्हावी एंजेल डेलगाडियो यांनी १९८७ साली लोकांना एकत्र करून अ‍ॅरिझोनातला हा रस्ता ऐतिहासिक म्हणून जाहीर करून घेतला. गावात आजही पेट्रोल पंपांवर जुन्या गाड्या उभ्या करून ठेवल्या आहेत. आबांनी त्यातल्या प्रत्येकीखाली वाकून बघितलं.

ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावरून डेझर्ट व्ह्यूच्या रस्त्याने कॅमेरॉनला उतरलो. अ‍ॅरिझोना घड्याळं पुढे-मागे करत नाही, पण नवाहो लोकांचा प्रदेश करतो, त्यामुळे हद्द ओलांडताच फोनवर एक तास वाढला आणि कायेंटाला जेवायला उशीर झाला. तिथून फोर कॉर्नर्स, कॉर्टेझ, वुल्फ क्रीक खिंड आणि घर.

बॉनेट आता बसलेलं आहे. डाव्या बिजागरीला एक वॉशर घालावा लागला, एवढंच. कार्बोरेटरला नवा डायफ्रॅम टाकून आबांनी परत जायच्या आधी इंजिन सुरू करून दाखवलं. स्टीअरिंग बॉक्स राहिला आहे, त्यासाठी एप्रिलमध्ये पोर्टलंड बघते आहे. वायोमिंगमध्ये आय-८० वाऱ्याने आणि बर्फाने एप्रिलमध्येही बंद होतो, म्हणून एक दिवस जास्तीचा धरला आहे. आबा तेव्हा कोयनानगरला असतील. बॉक्स हातात आला की व्हिडिओ कॉल लावायचा आणि त्यातला सेक्टर शाफ्ट, म्हणजे बाहेर येणारा दांडा, कसा हलवून बघायचा ते त्यांनी आधीच शिकवून ठेवलं आहे.